साकाई : सुऱ्यांचे गाव

जपानला जाऊन आलो असे सांगताच स्नेहीमंडळी पहिला प्रश्न करतात तो फुजी पर्वताचा, आणि दुसरा चेरीच्या फुलांचा. आम्ही गेलो ते कार्तिकात. तेव्हा फुलांचा हंगाम नव्हता, आणि आगगाडीच्या खिडकीतून फुजी पर्वत पाहावा, तर त्या दिवशी ढगांनी त्यास सबंध झाकून टाकिले होते. "मग पाहिलेत तरी काय?" असे कोणी विचारिल्यास आम्ही सांगतो की, आम्ही सुऱ्या पाहिल्या. हे ऐकून पुष्कळजण हसतात. काहींस वाटते, उतारवयात ह्यांना हे काय सुचले! परंतु त्या सुऱ्यांच्या गावी आम्हांस जे मिळाले ते फुजीच्या शिखरावरही मिळते ना, अशी आमची खात्री आहे. आणि म्हणूनच हा वृत्तांत वाचकांपुढे ठेवीत आहो.

आमचा पुतण्या गेली काही वर्षे नोकरीनिमित्त सहकुटुंब ओसाकास असतो. "काका, काकूंना घेऊन एकदा याच" असे तो दोन वर्षे लिहीत होता. शेवटी जाण्याचे ठरले तेव्हा त्याने एकच वस्तू मागितली. लोणचे नाही, भाजणी नाही. त्याने मागितला त्याच्या वडिलांचा कॅमेरा.

येथे घरची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमचे मूळ घर वाईस, कृष्णाकाठी. थोरले बंधू, दादा, फोटोग्राफीचा धंदा करीत. मुंजी, लग्ने, शाळांतील वर्गांची छायाचित्रे, ह्यांवर त्यांचा चरितार्थ चाले. माजघरामागील बिनखिडकीची कोठी त्यांनी अंधारखोली केली होती. तांबडा दिवा, पाण्याच्या थाळ्या आणि हायपोचा वास हे आमच्या घराचे एक अंगच होऊन गेले होते. १९९१ च्या माघात वाटणी झाली. स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत आली. आईची विळी आमच्याकडे राहिली, आणि अंधारखोलीही आमच्याच वाटणीस आली. दादांनी आपले सामान हलविले. पण फळीवरचा कॅमेरा नेला नाही. "खोली तुमची, तर खोलीतले सारेही तुमचेच," एवढेच ते म्हणाले. जन्मभर आम्हांस 'अरे-तुरे' करणाऱ्या बंधूंनी त्या दिवशी आम्हांस 'तुमची' म्हटले, हे आम्ही आजपावेतो विसरलो नाही. तो कॅमेरा उचलून भिंतीपलीकडे नेऊन देण्यास बारा पावले पुरली असती. आम्ही ती चाललो नाही. पुढे १९९३ साली आई गेली, आणि २००४ साली दादाही गेले. त्यांच्या तेराव्यास आम्ही भिंतीपलीकडे गेलो, तो वाटणीनंतरचा आमचा त्या घरातील पहिला प्रवेश होता.

असा तो कॅमेरा आम्ही पंचात गुंडाळून ओसाकास नेला. तो मिनोल्टा कंपनीचा, एसआर-टी १०१ नावाचा. ह्या जातीचा कॅमेरा प्रथम १९६६ साली निघाला. त्याचा पडदा केवळ स्प्रिंगा व चाके ह्यांवर चालतो. विजेची घुंडी लागते ती उजेड मोजणाऱ्या काट्यापुरती. पुतण्याने तो हातात घेतला आणि पुष्कळ वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, ह्याच कंपनीचा एक कारखाना येथून जवळच, साकाईस होता. माझ्या ओळखीचे एक आजोबा त्या कंपनीत भिंगे घाशीत असत. रविवारी जाऊ या."

साकाई हे नगर ओसाकाच्या दक्षिणेस, यामातो नदीच्या पलीकडे आहे. आगगाडीने ते अगदी जवळ; परंतु पुतण्याने आम्हांस मुद्दाम ट्रामने नेले. हान्काई नावाची ही ट्राम ओसाकाच्या एबिसुचो भागातून निघते, आणि लोकांच्या परसांतील वाळत घातलेली धुणी जवळजवळ चाटीत पुढे जाते. १९२८ सालच्या बनावटीचे काही डबे ह्या मार्गावर अद्याप जपून ठेविलेले आहेत. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. लहानपणी मामांकडे गेलो असता तीत बसलो होतो, त्याची आठवण ह्या घंटेच्या आवाजाने जागी झाली. नदी ओलांडताना पुतण्याने सांगितले की, हा प्रवाह मूळचा येथला नव्हे. पुरांच्या त्रासामुळे १७०४ साली नदीस नवे पात्र खणून देण्यात आले, ते हे.

'साकाई' ह्या शब्दाचा अर्थ सीमा असा आहे. सेत्त्सु, कावाची व इझुमी ह्या तीन जुन्या प्रांतांच्या सीमा येथे मिळत, म्हणून हे नाव. पंधराव्या-सोळाव्या शतकांत हे बंदर इतके संपन्न होते की, कोणा सरदाराच्या हुकमतीवाचून येथील व्यापारी स्वतःच गावचा कारभार पाहत. गावाभोवती त्यांनी खंदक खणिले होते. त्या काळी आलेल्या गास्पार व्हिलेला नामक पाद्र्याने ह्या नगराच्या कारभारास व्हेनिसची उपमा दिली होती. चहापानाच्या विधीस ज्याने शांत, साधे रूप दिले तो सेन नो रिक्यू ह्याच गावचा. १५२२ साली त्याचा जन्म येथे एका व्यापाऱ्याच्या घरी झाला.

आणि लोखंड? त्याची कथा ह्याहूनही जुनी आहे. गावाच्या एका अंगास दाईसेन नावाची एक प्रचंड समाधी आहे. पाचव्या शतकातील ही समाधी परंपरेने निन्तोकु सम्राटाची मानितात. तिची लांबी ४८६ मीटर सांगतात, आणि तिच्याभोवती तीन खंदक आहेत. आत जाण्यास कोणासही परवानगी नाही. बाहेरून पाहणाऱ्यास ती केवळ झाडीने भरलेली टेकडी वाटते. २०१९ साली येथील व शेजारच्या फुरुइची येथील मिळून ४९ समाध्यांची गणना जागतिक वारशांत झाली. एवढी माती उपसावयाची म्हणजे कुदळी-फावडी हवीत, आणि ती घडविण्यास लोहार हवेत. गावच्या लोहारकामाचा उगम तेथवर नेऊन पोहोचविण्याची तेथे चाल आहे. पुढे १५४३ साली पोर्तुगीजांबरोबर बंदूक जपानात आली, आणि थोड्याच काळात साकाई हे बंदुका घडविण्याचे मोठे ठाणे बनले. पोर्तुगीजांबरोबरच तंबाखूही आली. तंबाखूचे पान बारीक कातरावयास अत्यंत धारदार सुरी लागते. साकाईच्या सुऱ्या ह्या कामी इतक्या सरस ठरल्या की, तोकुगावा सरकारने त्यांवर आपली मोहोर उठविण्याची मुभा दिली. लढाया संपल्यावर बंदुकांची मागणी ओसरली. तो हातगुण पुढे दुचाकीच्या भागांकडे वळला असे सांगतात. शिमानो ही दुचाकीचे भाग करणारी प्रसिद्ध कंपनी १९२१ साली ह्याच गावी निघाली. हे गाव १६१५ साली ओसाकाच्या वेढ्याच्या वेळी जळून खाक झाले, आणि १९४५ च्या जुलैमध्ये बाँबवर्षावाने पुन्हा जळाले. दोन्ही वेळा लोहारांनी भाते पुन्हा पेटविले.

म्योकोकुजी ह्या देवळापाशी आम्ही उतरलो. १८६८ साली फ्रेंच खलाशांशी झालेल्या चकमकीबद्दल अकरा सामुराईंनी देहदंड म्हणून ह्याच देवळाच्या आवारात स्वहस्ते पोट चिरून घेतले होते. तेथे नमस्कार करून आम्ही गल्लीत शिरलो. आजूबाजूस साधी दुमजली घरे. पण कान देऊन ऐकावे तर एखाद्या घरातून घणाचा, एखाद्यातून शाणेचा आवाज येई.

साकाईच्या सुरीचे वैशिष्ट्य असे की, ती एका हाताने होत नाही. लोहार पाते घडवितो. शाणेवरचा कारागीर त्यास धार देतो. तिसरा मूठ बसवितो. तिघांची घरे वेगळी, कसब वेगळे, आणि एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालावयाचा नाही असा दंडक. आमच्या सौभाग्यवतींनी हे ऐकताच हळूच म्हटले, "तिघे वेगळे राहून एकच सुरी करतात, हे बरे आहे." आम्ही गल्लीतील एका घराची कौले न्याहाळू लागलो.

प्रथम लोहाराकडे गेलो. दारातच पाच-सहा तरुण मंडळी गळ्यात कॅमेरे अडकवून उभी होती. ही ओसाकाची हौशी छायाचित्रकार मंडळी महिन्यातून एकदा येथे येतात. लोहार साठीचा, बळकट आणि मोठा गमत्या. एका बाजूस नरम लोखंडाची पट्टी, तीवर पोलादाची लहान पट्टी, मध्ये टाकणखार व लोखंडाचा कीस. हे सारे तापवून घणाखाली घातले म्हणजे दोन धातू एकजीव होतात. नरम लोखंडामुळे पाते तुटत नाही, आणि पोलादामुळे धार टिकते. नुसत्या पोलादाचीही सुरी करतात. पण ती घडविणे फार अवघड, आणि हातून पडली तर दुभंगण्याचे भय मोठे.

खरी परीक्षा असते ती पाणी देण्याच्या वेळी. पाते मातीने लिंपून वाळवितात, सुमारे आठशे अंशांपर्यंत तापवितात, आणि क्षणार्धात पाण्यात बुडवितात. उष्णता थोडी कमी पडली तर पोलाद कठीण होत नाही; थोडी जास्त झाली तर ठिसूळ होते. आमच्या लोहाराने ती उष्णता केवळ डोळ्यांनी, लोखंडाच्या रंगावरून ओळखिली. म्हणून त्या वेळी त्याने दिवे मालविले, आणि खिडकीवर पडदा ओढिला. त्या अंधारात तो रंग आम्ही पाहिला. कृष्णेच्या घाटावरून ऐन मावळतीचा सूर्य पाहावा, तसा तो होता. मग 'चर्र' असा आवाज झाला, वाफ उसळली आणि सर्व काळोख झाला.

दिवा लागल्यावर लोहाराने छायाचित्रकारांकडे बोट केले आणि काही सांगितले. सारे हसू लागले. पुतण्याने आम्हांस अर्थ सांगितला. मागे एकाने ऐन पाणी देण्याच्या क्षणी कॅमेऱ्याचा लखलखाट केला. लोहाराच्या डोळ्यांपुढे पांढरे ठिपके नाचू लागले, रंग ओळखता येईना, पाते वाजवीपेक्षा तापले आणि पाण्यात पडताच चिरले. "त्या दिवसापासून," लोहार म्हणाला, "आत येणाऱ्याचे जोडे मी बाहेर ठेवून घेत नाही, फ्लॅश ठेवून घेतो."

"आणि त्या चिरलेल्या पात्याचे काय झाले?" आम्ही विचारिले.

तेव्हा मंडळींपैकी एक चष्मा लावलेला इसम पुढे आला आणि लवून नमस्कार करून म्हणाला, "अपराधी मीच. ते पाते मी विकत घेतले. माझ्या मेजावर कागद दाबावयास ठेविले आहे."

"माझ्या हातची सर्वांत महाग विकली गेलेली मोड तीच," लोहार म्हणाला. "आणि ते देणे हा अजून फेडीत आहे. दर वर्षी माझे एक छायाचित्र आणून देतो. दर वर्षी मी अधिक म्हातारा दिसतो. हा सूड नव्हे तर काय?"

"मी काय करू? भिंग खोटे बोलत नाही," तो उत्तरला.

थट्टा झाली, पण थट्टेत उपदेशही झाला. लोहाराने त्यांस सांगितले की, ठिणग्यांच्या मागे धावू नका; घण पडण्यापूर्वी माझ्या खांद्याकडे पाहा, खांदा वर गेला की मनात एक अंक मोजा आणि मग कळ दाबा. त्या चष्मेवाल्याने लोहाराच्या मुलास सांगितले की, सुरीचे चित्र घेताना तीवर उजेड पाडू नये. पाते हा आरसा आहे, आरशावर दिवा धरिला तर दिवाच दिसणार. भोवती पांढऱ्या कागदाचा तंबू करावा, त्यातून गाळलेला उजेड पडू द्यावा, आणि धारेच्या बाजूस एक काळ्या कागदाची पट्टी उभी करावी, म्हणजे पात्याची कड रेखीव उमटते. मुलाने लगेच तसे करून पाहिले. लोखंड व पोलाद ह्यांच्या सांध्यावर धुक्यासारखी जी छटा असते, ती त्या चित्रात स्पष्ट आली. लोहाराने ते पाहिले, आणि "हं" एवढेच म्हटले. पुतण्या म्हणाला, "काका, हे मोठेच प्रशस्तिपत्र समजा."

तेथून शाणेवाल्याच्या घरी गेलो. हे गृहस्थ वयाने ऐंशीच्या घरातले. ओल्या शाणेसमोर बसून लाकडी पकडीत धरिलेले पाते ते चाकावर टेकवीत. मधूनच ते डोळ्यासमोर धरून एका डोळ्याने पाहत, आणि वाकडे वाटल्यास लहान हातोडीने दोन टिचक्या मारीत. त्यांच्या शेजारी उपड्या खोक्यावर त्यांच्याच वयाचे दुसरे आजोबा चहा पीत बसले होते. तेच पुतण्याच्या ओळखीचे, भिंगे घासणारे. दोघे एका शाळेत एका बाकावर बसत. तेव्हापासून त्यांचे जे भांडण सुरू आहे ते अद्याप मिटलेले नाही, असे दोघेही अभिमानाने सांगतात.

भांडणाचा विषय एकच : घासणे कोणाचे श्रेष्ठ? भिंगवाले म्हणतात, आम्ही काच प्रथम भरड पुडीने, मग बारीक पुडीने, आणि शेवटी सेरियमच्या लेपाने घाशीत असू. नमुन्याची काच तीवर ठेवून न्यूटनची रंगीत वलये मोजावयाची; एका वलयाचा फरक म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. "ह्याला असले काही मोजता येते का?" शाणेवाले म्हणतात, "मोजावे लागते ते डोळ्यांना दिसत नाही म्हणून. माझ्या अंगठ्यास दिसते."

मग त्यांनी आम्हांस दोन सुऱ्या दाखविल्या. उजेडात धार वर करून धरिल्या. एकीच्या काठावर बारीक पांढरी रेघ चमकत होती. दुसरीवर काहीच दिसत नव्हते. आम्ही अर्थातच चमकणारी अधिक धारदार म्हटली. दोघेही म्हातारे खो खो हसले. जी धार दिसते ती धार नव्हे. काठ बोथट असला तरच त्यावर उजेड अडकतो. खऱ्या धारेवर उजेडास उभे राहावयास जागाच नसते. "हा जन्मभर दिसणाऱ्या गोष्टींच्या मागे लागला," शाणेवाले मित्राकडे पाहून म्हणाले, "आणि मी काही दिसेनासे होईपर्यंत घाशीत बसलो."

एवढ्यात पुतण्याने दादांचा कॅमेरा पिशवीतून काढिला. भिंगवाल्या आजोबांनी हात पुसले, दोन्ही हातांनी तो घेतला. मिनोल्टाचा व्यवसाय १९२८ साली सुरू झाला, आणि २००६ साली त्या कंपनीने कॅमेरे करणे सोडले. पुढील वारसा सोनी कंपनीकडे गेला. रोक्को पर्वताच्या नावावरून 'रोक्कोर' हे भिंगाचे नाव पडले; ती अक्षरे ते बोटाने चाचपीत होते. मग त्यांनी गुंडाळी उलटी फिरविण्याची लहान कळ अगदी हलक्या हाताने फिरवून पाहिली, आणि एकदम थांबले.

"आत फिल्म आहे," ते म्हणाले. "कळ मोकळी फिरत नाही. उघडू नका."

अंक दाखविणाऱ्या खिडकीत २९ होते. छत्तीस चित्रांच्या गुंडाळीतील एकोणतीस घेतलेली, सात उरलेली. तीस वर्षांहून अधिक काळ ती गुंडाळी आमच्या फळीवर, आमच्या घरात पडून होती, आणि आम्ही कॅमेऱ्यास एकदाही हात लाविला नव्हता. हात न लाविल्याचा आम्हांस इतकी वर्षे अभिमान होता, हे येथे कबूल करितो.

पुतण्याने विचारिले, "ही धुता येईल?" आजोबा म्हणाले, "येईल. पण धुके फार असेल. आणि उरलेली सात फुकट का घालविता? घ्या येथेच." उजेड मोजणारा काटा मेलेला होता, त्यास लागणारी पाऱ्याची घुंडी आता बाजारात मिळत नाही. आजोबांनी खिडकीकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले, आणि तोंडी हिशेब केला : शिळ्या फिल्मला दर दहा वर्षांस एक दर्जा अधिक उजेड द्यावा, म्हणजे तीन दर्जे. कॅमेरा खोक्यावर टेकवावा, श्वास रोखावा.

"माझे चित्र शिळ्या फिल्मवर घेतोस?" शाणेवाले म्हणाले.

"शिळ्या माणसास शिळीच बरी," भिंगवाले म्हणाले.

पुतण्याने सहा चित्रे घेतली : शाणेवरचे हात, पाण्याची बादली, भिंतीवर टांगलेली पाती, दोघे मित्र. सातवे त्या शाणेवाल्यांनी स्वतः कळ दाबून घेतले. त्यात आम्ही, सौभाग्यवती, पुतण्या, सूनबाई आणि भिंगवाले आजोबा असे दाटीने बसलो होतो.

फिल्म धुईपर्यंत दोन तास होते. तेवढ्यात सौभाग्यवतींचे व शाणेवाल्यांचे जे संभाषण झाले ते आम्ही विसरणार नाही. त्यांनी विचारिले, तुमच्याकडे भाजी कशाने चिरितात? सौभाग्यवतींनी कागदावर विळी काढून दाखविली : पाट, त्यावर उभे वाकडे पाते, टोकास नारळाची खवणी. पाते स्थिर, भाजी चालते. बसून चिरावयाचे, आणि दोन्ही हात मोकळे. शाणेवाल्यांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. "आमच्याकडे सुरी माणसाकडे येते, तुमच्याकडे माणूस सुरीकडे जातो," असे ते म्हणाले, आणि पुढे गंभीरपणे विचारिले, "हिला धार आतून लावितात की बाहेरून?" सौभाग्यवतींनी सांगितले की, आमच्याकडे त्या कामास शिकलगार असतो, पूर्वी दारावर येई, आता बाजारात शोधावा लागतो. "येथेही तसेच," ते म्हणाले. त्यांच्या शाणेवर बसावयास पुढे कोणी नव्हते. मुलगा दूर तोक्योत कचेरीत होता. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. पाणी ओतले आणि पुढील पाते उचलिले.

भिंगवाल्या आजोबांचे घर दोन गल्ल्यांपलीकडे. त्यांनी न्हाणीघराची अंधारखोली केलेली. दार उघडताच हायपोचा तोच वास आला आणि आम्ही उंबऱ्यावरच थबकलो. मनात आले, लोहाराचे पाते आणि दादांचे चित्र, दोन्ही अंधारात पाण्यातूनच बाहेर यावयाची. आम्ही तो अंधार वाटणीत घेतला होता, आणि त्याचा काही उपयोग केला नव्हता.

फिल्म ओली टांगलेली होती. बहुतेक चित्रांवर करडे धुके चढलेले. ओळखू येण्याजोगी अकरा. आजोबांनी भिंग लावून एकेक पाहिले, आणि एकापाशी थांबून पुतण्यास बोलाविले. त्याने पाहिले, मग आम्हांस जागा करून दिली. ती १९९० ची दिवाळी होती. स्वयंपाकघर सबंध होते; भिंत नव्हती. आई विळीवर बसून नारळ खवीत होती. तिच्या शेजारी आम्ही पाटावर बसलेलो, आणि आमच्या मांडीवर पाच वर्षांचा एक मुलगा, दोन्ही मुठींत खोबरे घेऊन तोंड भरून हसत होता.

"हा मी?" पुतण्याने विचारिले.

"तूच," आम्ही म्हणालो.

तो म्हणाला, "काका, मला तुमची आठवण भिंतीपासूनची आहे. त्याआधीची नाही."

आम्हांस काही उत्तर सुचले नाही. मांडीवरच्या मुलाकडे व आमच्याकडे दादा त्या क्षणी ह्याच काचेतून पाहत होते, एवढे मात्र कळले.

कॅमेरा पुतण्याकडे राहिला. निघण्यापूर्वी त्याने शाणेवाल्यांकडून काकूंसाठी भाजीची एक सुरी घेतली. तिला उसुबा म्हणतात. पाते रुंद व पातळ, होनोकी लाकडाची पांढुरकी मूठ, मुठीच्या गळ्याशी म्हशीच्या शिंगाचे काळे वळे. ती तो आमच्या हाती देणार, इतक्यात शाणेवाल्यांनी अडविले. सुरी फुकट दिली तर नाते तुटते, असा त्यांच्याकडे जुना समज आहे. आमच्याकडेही कात्री-सुरी हातात देत नाहीत, खाली ठेवितात. भांडण होते म्हणतात. त्यावर त्यांचा तोडगा असा की, घेणाऱ्याने पाच येनचे नाणे द्यावे. पाच येनला ते 'गो-एन' म्हणतात, आणि 'गोएन' ह्याच उच्चाराच्या शब्दाचा दुसरा अर्थ ऋणानुबंध असा आहे. आम्ही खिसे चाचपिले. पितळी, मध्ये भोक असलेले, भाताच्या लोंबीचे एक नाणे निघाले. ते पुतण्याच्या हातावर ठेविले. वाटणीच्या वेळी आम्ही पै-पैचा हिशेब घातला होता. पण जे खरोखर देणे होते त्याचा पहिला हप्ता आम्ही त्या दिवशी दिला.

निघताना शाणेवाल्यांनी सौभाग्यवतींस बजाविले : हे पोलाद गंजणारे आहे, काम होताच धुऊन कोरडी करा, ओली ठेवू नका, आणि वर्षातून एकदा धार लावावयास पाठवा.

"वाईहून येथे कोण आणणार?" त्या म्हणाल्या.

"मी शिकून घेतो, काकू," पुतण्या म्हणाला. "दर वर्षी येऊन लावीन."

चैत्रात तो आला. बरोबर दोन दगड आणिले होते, एक भरड व एक बारीक. मागील अंगणात, नळाखाली बसून त्याने उसुबाला धार लाविली. काठ उजेडात धरून पाहिला, आणि पांढरी रेघ दिसली म्हणून पुन्हा घाशीत बसला. ते झाल्यावर म्हणाला, "काकू, आता आजीची विळी आणा."